बिनखुणेची बाटली

मॅडमच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं सगळे म्हणत, पण ते काही खरं नव्हतं. शेंड्यावर मावेल एवढा थोडका राग त्यांच्याकडे कधी नव्हताच. गुरांच्या रोगांवर काम करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत त्या विषाणू विभागाच्या प्रमुख होत्या, वय बावन्न, आणि पाठीमागे त्यांचं नाव होतं 'कुकर'. कुणी कामावर आलं की आधी हळूच विचारायचं, "किती शिट्ट्या झाल्या?" उत्तर ऐकून मग दिवसाचा अंदाज बांधायचा.

त्या गुरुवारी दुपारी साडेतीनपर्यंत चार झाल्या होत्या. एक हातमोजे चुकीच्या मापाचे आले म्हणून, एक अंघोळीच्या खोलीत पाणी कोमट येतं म्हणून, आणि उरलेल्या दोन्ही नवीन बाईंवर.

नवीन बाई एव्हाना पाच महिने जुन्या झाल्या होत्या, पण नाव काही सुटलं नव्हतं. वय अडतीस. लग्नाआधी त्या याच कामात होत्या. मग दोन मुलं, सासऱ्यांचं लांबलेलं आजारपण, बारा वर्षं घरात, आणि आता पुन्हा हातात पिपेट. सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. ते संपताना मॅडमनी 'योग्य' लिहिलं की नोकरी कायम, 'अयोग्य' लिहिलं की गाशा गुंडाळायचा. मॅडमनी त्याच सकाळी 'अयोग्य' लिहून, खाली सही ठोकून, पाकीट साहेबांच्या कचेरीत पाठवलं होतं. साहेब संध्याकाळी पाचला सगळे कागद शिक्का मारून पुढे पाठवत. एकदा शिक्का बसला की ब्रह्मदेव आला तरी कागद मागे फिरत नसे.

नवीन बाईंना यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. त्यांनी सकाळीच आपल्या खणातला कंगवा, गोळ्यांची पट्टी आणि मुलांचा फोटो पिशवीत भरून ठेवला होता.

झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी बाहेर लाळ्या-खुरकुताची साथ सुरू झाली. गुरांच्या तोंडात फोड, खुरांत फोड, तोंडातून लाळेच्या तारा, दूध आटलेलं. फोडांवरच्या कातडीचे नमुने डब्यांतून येऊन पडले. गोदामात लस होती, पण ती या विषाणूला लागू पडते की नाही हे ठरायचं होतं, आणि त्यासाठी विषाणू आधी पेशींवर वाढवून भरपूर करून घ्यावा लागतो. वासराच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशी प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला फरशीसारख्या पसरतात. विषाणू आत शिरला की स्वतःच्या हजारो प्रती काढतो, पेशी गोल होऊन सुटतात, आणि वीस तासांत फरशी उखडलेली दिसते. फरशी उखडली की मॅडम खूश. मेल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कुठल्या कचेरीत होत नसेल.

पण तीन आठवडे फरशी उखडलीच नाही. नवीन बाईंनी नमुना टाकावा, दुसऱ्या दिवशी बघावं, तर पेशी आपल्या गुण्यागोविंदाने बसलेल्या. जास्त नमुना टाकला, तरी बसलेल्या. शेवटी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं जपलेला घरचा विषाणू टाकला. तो कधी दगा देत नाही. त्यालाही या पेशींनी भीक घातली नाही.

"नमुना मेला असेल, एकवेळ मानू," मॅडम म्हणाल्या होत्या. "पण घरचाही मेला? मग मारणारं कोण? तुमचे हात!"

मॅडमचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. हा विषाणू आंबटाला फार भितो. जरा आम्ल लागलं की संपला. म्हणून तर जमीन, टेबलं, भांडी सगळं सायट्रिक ॲसिडने पुसतात. नवीन बाईंना पुसायची सवय जास्तच होती. तेव्हा मॅडमनी निदान केलं की ही बाई पेशी लावायच्या थाळ्यासुद्धा आम्लात बुडवत असणार आणि विषाणू बिचारा आत शिरायच्या आधीच गतप्राण होत असणार.

नवीन बाई म्हणाल्या, "नाही हो मॅडम, थाळ्या बंद पाकिटातून येतात, त्या मी कशाला..."

"उलट उत्तरं नकोत!"

मग मॅडमनी स्वतः बाह्या सरसावल्या. गोठवलेल्या पेशींची एक कुपी काढली, वितळवली, थाळीत पसरली, नमुना टाकला. वीस तासांत फरशी साफ उखडली. झालं. पुराव्याला पुरावा मिळाला. त्यातून निघालेला ताजा विषाणू मॅडमनी नवीन बाईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा घ्या. आता नुसता वाढवायचाय. शेंबडं पोर वाढवेल." तो नवीन बाईंच्या पेशींवर गेला आणि तिथेच गारठला. मॅडमच्या हाताने होतं, हिच्या हाताने होत नाही, यावर आणखी बोलायचं काय राहिलं?

बुधवारी संध्याकाळी घरी जेवताना मॅडमनी हे सगळं पुन्हा एकदा, ताटवाट्या हलतील अशा आवाजात सांगितलं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याला पायऱ्या गाळलेल्या आवडत नसत.

"तिला विचारलंस का, ती काय काय करते, एकेक पायरी?"

"त्यात विचारायचं काय? दिसतंय की!"

सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येई, पण नको ते बरोबर ऐकू येई. त्या म्हणाल्या, "तू विचारतेस ना, तेसुद्धा आम्हाला ओरडल्यासारखंच वाटतं गं."

यावर मॅडमची मुलगी हसली आणि लगेच खाली मान घालून जेवू लागली. मॅडमनी ते पाहिलं, पण त्यांचं डोकं आधीच दुसरीकडे तापलेलं होतं. गुरुवारी सकाळी त्यांनी 'अयोग्य' लिहिलं.

तर दुपारचे साडेतीन. मॅडम बंद विभागात होत्या. तिथे जाताना अंगावरचे सगळे कपडे बदलायचे आणि बाहेर येताना डोक्यावरून अंघोळ करायची, साबण लावून, भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं मोजेपर्यंत. विषाणू केसात बसून बाहेर गेला तर गोठेच्या गोठे बसतील, म्हणून हा नियम. आतला कागदसुद्धा बाहेर जात नाही. काही दाखवायचं तर काचेच्या खिडकीला लावून धरायचं. त्यामुळे आतली माणसं शक्यतो दिवसातून एकदाच बाहेर पडत, आणि मॅडमचे केस वाळायला वेळ लागतो म्हणून त्या तर मुळीच नाही.

नवीन बाईंनी थाळी आणून सूक्ष्मदर्शकाजवळ ठेवली. सहा खान्यांची थाळी, सगळ्या खान्यांत एकच नमुना, काल दुपारी टाकलेला.

"काय आता?" मॅडम म्हणाल्या.

"तुम्हीच बघा."

मॅडमनी बघितलं. पहिला खाना, पेशी बसलेल्या. दुसरा, बसलेल्या. तिसरा, चौथा, तेच. त्यांच्या नाकातून पाचव्या शिट्टीची वाफ सुटायला लागली. पाचवा खाना सरकवला आणि त्या थांबल्या. फरशी उखडलेली होती. पेशी गोळ्या होऊन तरंगत होत्या, तळ मोकळा पडला होता. सहावा खानाही तसाच.

"हे दोन काय वेगळे केले तुम्ही?"

"काही नाही."

"काही नाही कसं? चार जिवंत आणि दोन मेले, हे आपोआप झालं?"

नवीन बाईंनी एकदा दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, काकांना सांगू नका हं. परवा पेशी लावताना काकांनी मला काढून दिलेलं विरजण संपलं. चार खान्यांपुरतंच उरलं होतं. काका सुटीवर होते, आणि त्यांच्या मोठ्या बाटलीला न विचारता हात कसा लावायचा? मग या दोघांत मी घातलंच नाही. मला वाटलं, न घातल्यामुळे पेशी कमजोर होऊन आपल्या आपण मरतील. म्हणून दुसऱ्या थाळीत दोन रिकामेही ठेवले होते, नमुना न टाकता, विरजण न घालता. त्यांतल्या पेशी ठणठणीत आहेत."

मॅडम काही बोलल्या नाहीत. ही गोष्ट इतकी विलक्षण होती की नवीन बाई एक पाऊल मागे सरकल्या.

आता हे विरजण म्हणजे काय ते सांगायला हवं. पेशी वाढतात त्या लालसर पोषक द्रावात. दर दोन-तीन दिवसांनी जुना द्राव ओतून नवा घालतात. काका हे तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, निवृत्तीला दोन महिने उरलेले. त्यांचा अनुभव असा की अगदी नव्या द्रावात पेशी बुजतात. थोडा जुना मिसळला, ज्यात त्यांच्या भाऊबंदांनी आपला अर्क सोडलाय, तर पटकन तग धरतात. म्हणून काका चांगल्या बाटल्यांतला जुना द्राव गाळून फ्रिजमध्ये एका मोठ्या बाटलीत ठेवत आणि नव्या पेशींना त्यातला दहावा भाग घालत. मोठी बाटली कधी पुरती रिकामी व्हायची नाही. खाली गेली की वरून नवी भर. त्याला ते विरजण म्हणत, आणि तीस वर्षांत त्यांचं विरजण एकदाही बिघडलं नव्हतं. कुठल्याही नियमावलीत ते लिहिलेलं नव्हतं. मॅडमना ते माहीत होतं, पण त्या स्वतः पेशी लावत नसत. गेल्या आठवड्यात लावल्या तेव्हा घाईत विरजण घालायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

हात तेच. थाळी तीच. नमुना तोच. आम्ल लागलं असतं तर सहाही खान्यांना लागलं असतं. फरक फक्त विरजणाचा.

"काका!" मॅडमनी हाक मारली. ती हाक तीन दारं ओलांडून गेली.

काका आले ते हात पुसत. थाळी बघितली, ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "विरजणात जंतू नाही मॅडम. मी स्वतः गाळतो. पेशी बघा ना किती छान आहेत."

"छान आहेत हेच तर दुखणं आहे!"

आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तशी मॅडमनी थाळी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. कारण विषाणू टाकूनही छान राहणाऱ्या पेशी कोणत्या, हे त्या दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्र काढून शिकवत आल्या होत्या. पेशीला विषाणूची चाहूल लागली की ती बोंब ठोकते, आणि त्या बोंबेचं नाव इंटरफेरॉन. ती बाहेरच्या द्रावात मिसळते आणि शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचते. ती ऐकून शेजारणी कामाला लागतात. विषाणू दारातून आत यायचा तो येतोच, पण आत त्याच्या प्रती निघत नाहीत. ज्या यंत्रांवर त्याला आपली प्रथिनं बनवून घ्यायची असतात ती यंत्रं त्या बंद ठेवतात, त्याने आणलेल्या मजकुराचे तुकडे करणारी कात्री पाजळून ठेवतात. पाहुणा घरात आला, पण चूल विझवलेली आणि भांडी पालथी. बसून बसून मरतो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू तसा बिलंदर आहे. बेसावध पेशीत शिरला तर बोंब उठायच्या आधीच तिचं तोंड दाबतो. पण आधीच सावध केलेल्या पेशीपुढे त्याचं काही चालत नाही.

विरजणात बोंब होती. त्यातला थेंब थेंब प्रत्येक नव्या पेशीला पाजला जात होता आणि त्या बिचाऱ्या न आलेल्या चोरासाठी दारं लावून बसल्या होत्या. काका जेवढं निगुतीने विरजण घालत, नवीन बाई जेवढ्या नेमाने शिकवलेलं पाळत, तेवढा विषाणू गारठत होता. आणि मॅडम ओरडत होत्या.

"साहेबांनी कागद पाठवला असेल का?" मॅडम एकदम म्हणाल्या. घड्याळात चार वाजायला दहा कमी होते.

"कुठला कागद?" काकांनी विचारलं.

नवीन बाईंनी नाही विचारलं.

मॅडमनी भिंतीवरचा फोन उचलून कचेरीत लावला. कारकून म्हणाला, साहेब फिरतीवर आहेत, चारला येतील, आले की शिक्के मारून लगेच निघतील. आज पाचची वाट बघणार नाहीत. कागद थांबवायचा तर समोर येऊन सांगा, फोनवरून होत नाही. मॅडम फोनवर जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. कारकून म्हणाला, "तुम्ही कितीही बोललात तरी नियम नियम आहे, मॅडम."

"साहेबांना आमच्या काचेच्या खिडकीपाशी आणा," मॅडम म्हणाल्या. "हात जोडते." "आणतो, मॅडम," कारकून लगेच म्हणाला. मॅडमनी हात जोडल्याचं कारकुनाने आजवर ऐकलं नव्हतं.

आणि मग त्या अंघोळीला गेल्या, कारण कागद अडवायचा तर बाहेर पडायलाच हवं होतं, आणि अंघोळीशिवाय बाहेरचं दार उघडतच नाही. माणूस जळत असला तरी आधी तीन मिनिटं. पाणी अजून कोमटच होतं. डोळ्यांत साबण, भिंतीवरचं घड्याळ कासवासारखं सरकणारं, आणि करायला काही नाही. मॅडमच्या आयुष्यात काही न करण्याची तीन मिनिटं फार कमी येत. म्हणून त्या विचार करू लागल्या, की विरजणात बोंब आली कुठून. निरोगी पेशी उगाच बोंब मारत नाहीत. कुणीतरी त्यांना घाबरवलेलं असणार. जिवंत विषाणू असता तर दिसला असता. म्हणजे मेलेला. मेलेल्या विषाणूचं इथे कुणाला काय काम?

पहिलं मिनिट संपायच्या आधीच उत्तर आलं.

गेल्या महिन्यात विद्यार्थी आले होते. त्यांना दाखवायला मॅडमनी कोंबड्यांच्या मानमोडीचा विषाणू जांभळ्या अतिनील दिव्याखाली धरून मारला होता आणि पेशींच्या एका बाटलीत टाकला होता. मेलेला असला तरी पेशी त्याला बघून बोंब ठोकतात. फार जोरात ठोकतात. 'बघा मुलांनो, पेशी मात्र छान दिसतायत,' असं त्या म्हणाल्यासुद्धा होत्या. मग फोन वाजला. हातमोज्यांच्या ठेकेदाराचा. त्याच्याशी भांडत भांडत त्यांनी ती बाटली पेशी वाढवायच्या उबदार कपाटाच्या हाताला आलेल्या फळीवर ठेवली. झाकणावर नाव, तारीख, खूण काही नाही. बिनखुणेची बाटली हा त्या विभागातला सगळ्यात मोठा गुन्हा होता. त्यासाठी मॅडमनी आजवर तिघांना रडवलं होतं, आणि एकाने नोकरी सोडली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मॅडमना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या कोमट पाण्यात त्यांच्या कानांना चटका बसला. तीन आठवडे. कितीतरी गोठे. आणि ती बाई, जिने सकाळी मुलांचा फोटो पिशवीत भरताना आपण पाहिलं आणि 'बरं झालं, समजलंय तिला' असं मनात म्हटलं.

घड्याळ वाजलं. दार उघडलं.

साहेब काचेच्या खिडकीपाशी उभे होते, हातात पाकिटांचा गठ्ठा, चेहऱ्यावर गाडी चुकणाऱ्या माणसाचा भाव. मॅडम ओल्या केसांनी, उलटा घातलेला सदरा आणि दोन वेगवेगळ्या चपला अशा आल्या. काचेपलीकडे काका आणि त्यांच्यामागे नवीन बाई. मधे बोलायला भिंतीतल्या इंटरकॉमची जाळी.

मॅडमनी तोंड उघडण्याआधीच काका बोलले. "साहेब, चूक माझी आहे. विरजणाची पद्धत माझी, नियमात नाही. ते बिघडलं. या बाईंनी मी शिकवलं तेच केलं. त्यांचे हात चांगले आहेत. काय लिहायचं ते माझ्यावर लिहा."

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. "असं आहे का?"

हो म्हटलं असतं तर फार सोपं होतं, हे मॅडमना दिसत होतं. नवीन बाई सुटल्या असत्या. काका दोन महिन्यांत निवृत्तच होणार होते; एखादा ठपका, शेवटच्या दिवसाच्या भाषणांतून एखादं वाक्य कमी, आणि तीस वर्षांच्या हाताला शेवटी डाग. बाटली कुणाची होती हे कुणी विचारलंही नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच दोर घेऊन उभा.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमची वही आणा. विरजणात कुठली बाटली कधी ओतली ते तुम्ही लिहिता ना? विद्यार्थी आले होते त्या आठवड्याचं पान काढा."

"राहू द्या ना, मॅडम."

"काढा."

त्या ओरडल्या नव्हत्या, त्यामुळे काका जास्तच गोंधळले. त्यांनी वही आणली, पान काढलं, काचेला लावलं. अक्षर बारीक होतं आणि काचेवर वाफ धरली होती. साहेबांनी डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "अक्षर लागत नाही. वाचा."

काकांनी वही परत आपल्याकडे वळवली. चष्मा वर-खाली केला. मग पाठांतर म्हणणाऱ्या पोरासारखं एका सुरात वाचलं. "उबदार कपाट, फळी तिसरी. एक बाटली. पेशी उत्तम. खूण नाही. बहुधा मॅडमच्या वर्गाची. द्राव स्वच्छ, म्हणून विरजणात घेतला." ते थांबले.

"पुढे काही लिहिलंय," साहेब म्हणाले. "मघाशी खाली आणखी एक ओळ दिसली."

काकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी 'वाचा' अशी मान हलवली.

"विचारलं नाही. मॅडम फोनवर तापल्या होत्या."

जाळीतून आतल्या पंख्याची घरघर येत होती. मॅडमच्या केसांतून पाणी गळून सदऱ्याच्या पाठीवर उतरत होतं. बाटली आपली, हे त्यांना ठाऊक होतं; त्यासाठी त्या तयार होऊन आल्या होत्या. या दुसऱ्या ओळीसाठी नव्हत्या. एक प्रश्न होता, सहा शब्दांचा, 'मॅडम, ही बाटली तुमची आहे का?' तीस वर्षं जुना माणूस तो विचारायला भ्यायला, आणि वहीत लिहून मोकळा झाला. नवीन बाईंनी तर विचारायचा विचारही केला नसता. सगळा विभाग त्यांची चाहूल लागली की आतून कड्या लावून बसत होता, आणि ही सवय त्यांना मॅडमनीच लावली होती, रोज थोडी थोडी.

"बाटली माझी होती," मॅडम म्हणाल्या. "मेलेला मानमोडीचा विषाणू मी टाकला, खूण मी केली नाही. काकांना ते कळायचं कारण नव्हतं. आणि या बाईंनी चार खाने आणि दोन खाने, वर दोन रिकामे, असा प्रयोग केला, म्हणून आज कारण सापडलं. माझ्याकडून ते तीन आठवड्यांत झालं नाही. तो कागद मला परत द्या. दुसरा लिहून देते."

"लिहिलेला कागद परत मिळत नाही," साहेब म्हणाले. "वर दुसरा जोडता येतो. पण कारण लिहावं लागेल, आणि जबाबदार कोण तेही. नावानिशी."

"लिहिते की."

मॅडमनी भिंतीला कागद टेकवून उभ्याउभ्याच लिहिलं. ओल्या हाताने दोन ठिकाणी शाई पसरली. साहेबांनी वाचलं, भुवया वर केल्या, नवीन बाईंच्या कागदावर 'योग्य'चा शिक्का मारला, आणि मॅडमना म्हणाले, "तुम्हाला मेमो निघेल बरं का. मला इलाज नाही."

"काढा. आणि अंघोळीच्या पाण्याचं पण बघा जरा, कोमट येतंय!"

काचेपलीकडे काकांनी दुसरीकडे बघून हसू दाबलं. नवीन बाई हसल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या, ॲप्रनचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत. मॅडमना जाळीतून काहीतरी म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले, पण 'चुकले' हा शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचा नव्हता. तो कसाबसा बाहेर आला तोवर जाळीतला आवाज बंद करून आतली माणसं कामाला गेली होती.

शुक्रवारी सकाळी काकांनी स्वतः विरजणाची बाटली रिकामी केली. ओतण्यापूर्वी मॅडमनी त्यातलं थोडं मागून घेतलं आणि खात्री करून घेतली. आधी आम्ल घालून त्यात काही जिवंत विषाणू असलाच तर मारला, कारण इंटरफेरॉनला आंबटाचं काही वाटत नाही. मग आम्ल उतरवून तो द्राव कोऱ्या पेशींना पाजला, एक दिवस थांबून वर घरचा विषाणू टाकला. पेशी जागच्या हलल्या नाहीत. आता शंकेला जागा नव्हती. इकडे नवीन बाईंनी विरजणाशिवाय पेशी लावल्या, साथीचा विषाणू टाकला, आणि सोमवारी दुपारपर्यंत बाटल्यांमागून बाटल्या उखडल्या. बुधवारी कळलं की गोदामातली लस लागू पडते. गाड्या निघाल्या. तीन आठवडे आधी निघाल्या असत्या तर किती गुरं वाचली असती याचा हिशेब कुणी मॅडमना मागितला नाही. त्यांनी तो रात्री झोप येईपर्यंत स्वतःच केला, आणि झोप बऱ्याच उशिरा आली.

मेमो आला. मॅडमनी तो बाहेरच्या खोलीत आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. पण म्हणून राग गेला का? छे. मंगळवारी ठेकेदाराने पुन्हा लहान मापाचे हातमोजे पाठवले आणि दोन शिट्ट्या सलग झाल्या.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मॅडम फोनवर त्याच ठेकेदाराशी भांडत होत्या. आवाज असा लागला होता की पलीकडच्या खोलीतले काका काम सोडून उभे राहिले होते. तेवढ्यात उबदार कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि नवीन बाई हातात एक बाटली घेऊन मॅडमच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. फोन संपायची वाट बघितली नाही. चेहरा पांढरा पडला होता, पण पाय जागचे हलले नव्हते.

"मॅडम, ही बाटली कुणाची आहे? खूण नाही."

मॅडमच्या तोंडात ठेकेदारासाठी तयार असलेलं वाक्य होतं. ते तिथेच राहिलं. त्यांनी फोन खाली ठेवला, बाटली हातात घेतली, उजेडात धरली.

"माझी," त्या म्हणाल्या. "पेन द्या."